अंधांच्या फुटबॉलमधला डोळस गोलरक्षक

अंधांच्या फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानात दहा खेळाडू असतात आणि त्यांपैकी दोघांना दिसते. हे दोघे म्हणजे दोन्ही संघांचे गोलरक्षक. उरलेले आठ जण अंध असतात. त्यांच्यापैकी कुणाला उजेडाची पुसट जाणीव असली तरी तिचा फायदा मिळू नये, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो : मग दिसणाऱ्याला त्यात अवघड ते काय? अंध खेळाडूने मारलेला चेंडू डोळसाने अडवायचा, ही कसली बरोबरी? या विषयाची टिपणे काढू लागल्यापासून माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हा प्रश्न केला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देताना सगळा खेळच उलगडून सांगावा लागतो.

आपल्याकडे दिव्यांगांच्या खेळाबद्दल भरपूर लिहिले जाते, पण त्या लिखाणात ‘जिद्द’ हा शब्द इतक्या वेळा येतो की खेळ कसा खेळतात हे सांगायला जागाच उरत नाही. कुस्तीवर लिहिणारा लेखक डाव सांगतो, पकड सांगतो. अंध खेळाडूवर लिहिताना मात्र तोच लेखक डाव विसरून डोळे पुसू लागतो. म्हणून या लेखात आधी मैदान, मग माणूस.

मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. म्हणजे साधारण पावणेआठ गुंठ्यांच्या वर, आठ गुंठ्यांच्या आत. लांबीच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या वर येतील एवढ्या उंचीच्या फळ्यांची भिंत असते. चेंडू सहसा बाहेर जात नाही, भिंतीवर आपटून परत येतो. भिंतीचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा आहे. खेळाडू तिला हात लावून, तिच्यावरून येणारा चेंडूचा आवाज ऐकून आपण कुठे आहोत हे ओळखतो. चेंडू नेहमीपेक्षा लहान आणि जड, आणि त्याच्या आवरणाच्या आत खुळखुळणाऱ्या चकत्या शिवलेल्या असतात. चेंडू घरंगळतो तोवर वाजतो. थांबला की मुका होतो. प्रेक्षकांनी खेळ चालू असताना गप्प बसायचे आणि गोल झाल्यावरच ओरडायचे, असा दंडक आहे. आमच्या माणदेशात कुस्तीचा फड हलगीशिवाय भरत नाही आणि जत्रेतल्या कबड्डीला शिट्ट्यांचा गोंगाट नसला तर खेळणाऱ्यालाच चैन पडत नाही. या खेळात हलगी वाजली तर सामना थांबवावा लागेल.

आता गोलरक्षकाचा चौकोन. गोलाच्या तोंडाशी ५.८२ मीटर रुंद आणि अवघा २ मीटर खोल असा एक आयत आखलेला असतो. गोलरक्षकाने खेळायचे ते त्याच्या आतच. बाहेर येऊन त्याने चेंडूला हात किंवा पाय लावला, तर समोरच्या संघाला पेनल्टी मिळते. हिशोब करून पाहिला तर मैदानाचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर आणि त्यात गोलरक्षकाच्या वाट्याला येते पावणेबारा चौरस मीटरच्याही आत, म्हणजे दीड टक्का. साध्या फुटबॉलमधला गोलरक्षक धोका दिसला की धावत पुढे येतो, हल्लेखोराचा कोन कमी करतो, त्याच्या पायातून चेंडू उचलतो. हे त्याच्या विद्येतले अर्धे शस्त्र. इथे ते काढून घेतलेले असते. सगळे दिसते, पण दोन पावलांपलीकडे जाता येत नाही.

गोलाची चौकट पूर्वी ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच होती, घरात किंवा लहान मैदानात खेळतात त्या फुटसालच्या मापाची. गोल फारच कमी होतात म्हणून २०१७ च्या सुमारास ती हॉकीच्या गोलाएवढी, म्हणजे ३.६६ बाय २.१४ मीटर केली. ६ चौरस मीटरची चौकट पावणेआठ चौरस मीटरच्या वर गेली. गोलरक्षकाचे हात मात्र तेवढेच राहिले. ज्यांनी आपली उमेद जुन्या चौकटीत घालवली होती, त्यांना एका रात्रीत तीस टक्के जास्त जागा राखायची वेळ आली. सामन्याचा वेळ मात्र उलट दिशेने गेला. पूर्वी २५ मिनिटांचे दोन डाव असत, पुढे २० मिनिटांचे झाले आणि आता १५ मिनिटांचे आहेत.

चेंडू अडवणे हे या गोलरक्षकाचे एक काम झाले. दुसरे काम बोलण्याचे आहे, आणि माझ्या मते तेच मोठे.

मैदानाचे लांबीत तीन भाग पाडलेले असतात : १२ मीटर, १६ मीटर आणि पुन्हा १२ मीटर. आपल्या गोलासमोरच्या पहिल्या भागात खेळाडूंना सूचना द्यायचा अधिकार गोलरक्षकाचा. मधल्या भागात बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा. आणि समोरच्या गोलाजवळच्या भागात, त्या गोलाच्या मागे उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचा. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने बोलायचे नाही. म्हणजे गोलरक्षकाला पुढच्या २८ मीटरमध्ये काय चालले आहे ते स्वच्छ दिसते, आपल्या खेळाडूच्या मागून कोण येते आहे तेही दिसते, आणि तोंड मिटून उभे राहावे लागते. चेंडू त्याच्या बारा मीटरमध्ये शिरला की त्याला एकदम बोलायचे असते. तेही थोडे, अचूक, न घाबरता.

इथे आमच्या भागातल्या विहिरीच्या कामाची आठवण होते. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा सगळा अवर्षणाचा पट्टा. पाणी लागेपर्यंत विहीर खोल जाते, आणि वर यारी चालवणारा आणि तळाशी दगड भरणारा यांच्यामध्ये काठावर उभा राहून आवाज देणारा एक माणूस असतो. तळातल्या माणसाला वरचे काही दिसत नाही. काठावरचा माणूस ‘थांब’ म्हणाला की थांबायचे, ‘सर’ म्हणाला की सरायचे. त्याने जास्त बोलून चालत नाही, कारण विहिरीत आवाज घुमतो आणि दोन शब्द एकमेकांत मिसळतात. उशिरा बोलूनही चालत नाही. अंध फुटबॉलचा गोलरक्षक हा असाच काठावरचा माणूस. फरक एवढाच की विहिरीवर यारी आपल्याच माणसाच्या हाती असते, आणि इथे वरून येणारा दगड समोरच्या संघाने टाकलेला असतो.

त्याच्या बोलण्यात दुसरीही एक गोम आहे. आवाज फक्त आपल्या माणसांना ऐकू जात नाही. समोरचा हल्लेखोर कानांवर जगतो; गोलरक्षक बोलला की गोल नेमका कुठे आहे आणि गोलरक्षक चौकटीच्या कुठल्या बाजूला उभा आहे, हे त्यालाही कळते. बचाव करणाऱ्यांना सांगितले नाही तर ते चुकीच्या जागी राहतात, आणि सांगितले तर स्वतःची जागा उघड होते. कधी बोलायचे आणि कधी श्वास रोखायचा, याचा निर्णय त्याला क्षणाक्षणाला घ्यावा लागतो. डोळस माणसांच्या फुटबॉलमध्ये गोलरक्षकाने आरडाओरडा केला तर त्याचे कौतुक होते. इथे त्याला तोलूनमापूनच बोलावे लागते.

खेळाडूंनाही एक शब्द सक्तीचा आहे. चेंडूकडे किंवा चेंडू असलेल्या खेळाडूकडे झेपावताना ‘वॉय’ असे ओरडावे लागते. हा स्पॅनिश शब्द, त्याचा अर्थ ‘जातो आहे’. न ओरडता गेलो तर फाउल, कारण समोरच्याला धडक कुठून येते आहे ते समजले पाहिजे. याच तऱ्हेचा दुसरा छोटा शब्दही चालतो. मराठीत या जागी कोणता शब्द बसेल, असा विचार मी बरेचदा केला. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ, आपण ‘येतो’ म्हणतो. आणि चेंडू असलेल्या खेळाडूच्या कानाने पाहिले तर ‘येतो’ हाच खरा शब्द. येणारा त्याच्याच अंगावर येत असतो. पण खेळात एका अक्षराचा शब्द दोन अक्षरांच्या शब्दाला मागे टाकतो. ‘वॉय’ जगभर टिकला तो त्याच्या आखूडपणामुळे, असे मला वाटते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अंध खेळाडूने मारलेला चेंडू डोळसाला का चुकतो?

एक तर अंतर. हल्लेखोर चेंडू दोन्ही पायांच्या मध्ये, जवळजवळ पायाला बांधल्यासारखा, आतल्या बाजूने टपटप हलवत नेतो, कारण चेंडू दूर गेला तर हरवला. त्यामुळे तो फटका मारतो तोही पाय फारसा मागे न घेता, झटका देऊन. डोळस फुटबॉलपटू मारण्याआधी पाय उचलतो, खांदा वळवतो, नजर टाकतो, आणि अनुभवी गोलरक्षक या खुणा वाचून आधीच झुकतो. अंध खेळाडूची नजर काही सांगत नाही. त्याचा चेहरा एकीकडे आणि फटका दुसरीकडे असे सहज होते, आणि त्याने ते फसवण्यासाठी केलेले असतेच असे नाही. गोलरक्षकाने वर्षानुवर्षे शिकलेले वाचन इथे निरुपयोगी ठरते आणि त्याला नवी लिपी शिकावी लागते. ती पायाची असते, कंबरेची असते, आणि गोलाच्या मागे उभ्या असलेल्या, मारणाऱ्याच्या संघाच्या मार्गदर्शकाच्या सादेची असते. दुसरे असे की बहुतेक संघ बचावासाठी तिघांना गोलरक्षकासमोर ठेवतात. हे तिघे त्याची ढालही असतात आणि त्याच्या डोळ्यांसमोरचा पडदाही. चेंडू त्यांच्या पायांच्या जंगलातून निघतो तेव्हा चार-पाच मीटरवर आलेला असतो.

पेनल्टी ६ मीटरवरून. संघाचे फाउल ठराविक संख्येच्या पुढे गेले तर ८ मीटरवरूनही एक फटका मिळतो. फटक्याआधी मारणाऱ्याच्या संघाचा मार्गदर्शक गोलाच्या दोन्ही खांबांवर धातूच्या वस्तूने टकटक करतो. डावा खांब, उजवा खांब. त्या दोन आवाजांमधून खेळाडू मनात चौकट उभी करतो. गोलरक्षक मधोमध उभा राहून आपल्याच घराच्या दारावर दुसऱ्याने दिलेली ही थाप ऐकतो आणि गप्प राहतो. हे दृश्य मी चित्रफितींमध्ये अनेकदा पाहिले आहे. इतक्या शांततेत घेतली जाणारी पेनल्टी दुसऱ्या कुठल्या फुटबॉलमध्ये नसेल.

हा खेळ स्पेनमधल्या अंधशाळांतून वाढला. तिथे १९२० च्या दशकापासून मुले तो खेळत होती आणि १९८६ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः ब्राझील आणि अर्जेंटिनात, त्याने वेगळेच मूळ धरले. आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघाने १९९६ मध्ये तो आपल्याकडे घेतला, १९९८ मध्ये ब्राझीलमध्ये पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि ती यजमानांनी जिंकली. पॅरालिंपिकमध्ये खेळ आला तो २००४ च्या अथेन्सला. अंतिम सामना ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात, पूर्ण वेळात एकही गोल नाही, आणि पेनल्टीवर ब्राझील ३–२. म्हणजे पॅरालिंपिकमधल्या या खेळाचे पहिलेच सुवर्णपदक दोन डोळस माणसांसमोर, एकेका थापेवर, ठरले.

त्या ब्राझीलच्या संघात फाबियो व्हास्कोन्सेलोस नावाचा गोलरक्षक होता. या धंद्यात कारकीर्द म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. २००४ अथेन्स, २००८ बीजिंग, २०१२ लंडन : तीन पॅरालिंपिक, तीन सुवर्णपदके, गोलरक्षक म्हणून. बीजिंगला अंतिम सामन्यात यजमान चीनला २–१ हरवले, लंडनला फ्रान्सला २–० असे. त्यानंतर तो संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०१६ च्या रिओत इराणविरुद्ध १–०, टोकियोत अर्जेंटिनाविरुद्ध १–० असे आणखी दोन सुवर्ण संघाने मिळवले. पाच पॅरालिंपिक, पाच सुवर्ण. त्यातली तीन त्याने दोन मीटर खोल चौकोनात उभे राहून मिळवली आणि दोन मैदानाच्या बाजूला उभे राहून.

गोलरक्षकाचा प्रशिक्षक होणे यात योगायोग नाही. पहिल्या बारा मीटरचा तो आधीपासून प्रशिक्षकच असतो. खेळाडूचा कान कुठल्या स्वराला लवकर वळतो, कोण सूचनेवर विसंबतो आणि कोण स्वतःच्या अंदाजावर, दमल्यावर कोणाचे ऐकणे मंदावते, हे सगळे त्याला ठाऊक असते. बाराच्या ऐवजी सोळा मीटरचा मालक होणे, एवढाच बदल. त्याच संघातला मिझाएल कॉन्राडो हा अंध खेळाडू अथेन्स आणि बीजिंगला सुवर्ण जिंकून पुढे ब्राझीलच्या पॅरालिंपिक समितीचा अध्यक्ष झाला. दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात. अंध खेळाडू संस्थेच्या खुर्चीत गेला, डोळस गोलरक्षक मैदानाच्या कडेला राहिला. हे मला योग्य वाटते. खेळ ज्यांचा आहे त्यांनी तो चालवावा, आणि ज्याने डोळे दिले त्याने डोळ्यांचेच काम पुढे करावे.

ब्राझीलची ही सद्दी २०२४ च्या पॅरिसमध्ये संपली. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाशी गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टीवर हार. पॅरालिंपिकच्या वीस वर्षांत त्यांचा संघ प्रथमच अंतिम सामन्याबाहेर राहिला. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारलेल्या मैदानात फ्रान्सने अर्जेंटिनाला १–१ बरोबरीनंतर पेनल्टीवर ३–२ हरवले. निर्णायक फटका फ्रेदेरिक व्हिलरूचा. वीस वर्षांपूर्वीच्या अथेन्सचाच आकडा, पेनल्टीवर ३–२, आणि हरणारा संघही तोच.

गोलरक्षक डोळस असतो म्हणून त्याला पदक मिळत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. या खेळात गोलरक्षक हा संघाचा खेळाडू आहे आणि बाकीच्यांच्या गळ्यात पडते तेच पदक त्याच्या गळ्यात पडते. धावण्याच्या शर्यतीत अंध धावपटूबरोबर दोरीने जोडून धावणाऱ्या मार्गदर्शकालाही आता पदक देतात. पॅरिसला २०० मीटर शर्यतीत भारताच्या सिमरन शर्माला २४.७५ सेकंदांत कांस्यपदक मिळाले, तेव्हा तिचा मार्गदर्शक अभय सिंह हाही त्या पदकाचा मानकरी होता. मात्र या दोघांच्या कामात फरक आहे. मार्गदर्शक धावपटूच्या बरोबरीने धावतो, पण त्याच्या आधी रेषा ओलांडू शकत नाही. त्याने दिसायचेच नाही, अशी त्याच्या कामाची पूर्णता. गोलरक्षकाला मात्र स्वतःचा पराक्रम करावा लागतो. चुकला तर गोल त्याच्यावर लागतो. हा खेळ अंधांचा असला तरी त्याची जागा त्याची स्वतःची आहे.

ही जागा कोणीही बळकावू नये, याची काळजी नियमांनी घेतलेली आहे. अलीकडच्या पाच वर्षांत फिफाकडे नोंद असलेला खेळाडू इथे गोलरक्षक म्हणून उभा राहू शकत नाही, अशी अट नियमावलीत राहिली आहे. व्यावसायिक गोलरक्षक पैसे देऊन आणला आणि गोल बंद करून टाकला, असे होऊ नये हा हेतू. अंशतः दृष्टी असलेला खेळाडूही गोलात चालतो. या अटीचा परिणाम असा की या जागेवर येणारा माणूस बहुधा साध्या फुटबॉलमधले आपले स्वप्न बाजूला ठेवूनच येतो. शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी, अंधशाळेतला शिक्षक, एखाद्या खेळाडूचा मित्र किंवा भाऊ, अशा वाटांनी तो येणार.

भारतात या खेळाचे केंद्र कोची आहे. तिथल्या दृष्टिबाधितांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थेच्या आधाराने २०१६ मध्ये भारतीय अंध फुटबॉल महासंघ उभा राहिला आणि सुनील मॅथ्यू यांनी त्याचा पाया घातला. केरळात फुटबॉल गल्लीबोळात खेळला जातो, त्यामुळे तिथे गोलात उभा राहायला डोळस पोरगा शोधावा लागत नाही. महिलांची पहिली विश्वस्पर्धा २०२३ मध्ये बर्मिंगहॅमला झाली, तीत भारताचा संघ होता. आणि त्यानंतरची २०२५ मध्ये कोचीतच भरली. महिलांचा हा खेळ पॅरिसपर्यंत तरी पॅरालिंपिकमध्ये आलेला नव्हता. महिलांच्या संघातही गोलात डोळस मुलगीच असते, हे सांगायला हवे.

महाराष्ट्राचा ओढा वेगळा राहिला. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधशाळा काढली, तीच पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपाला आली; पुण्याची अंधशाळा १९३४ ची. या शाळांनी शिक्षण दिले, संगीत दिले, बुद्धिबळ दिले. दादरच्या शाळेतल्या मुलींना शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दोरीचा मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबात दोरी हीच दृष्टी, एकदा हातात आली की शरीर तिच्याभोवती आपली वाट शोधते. अंधांचे क्रिकेटही आपल्याकडे रुजले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्रातली.

क्रिकेटची तुलना इथे उपयोगी आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये पूर्ण अंध, अंशतः दिसणारे आणि त्याहून थोडे अधिक दिसणारे अशा तीन वर्गांचे खेळाडू एकाच संघात असतात, पूर्ण अंधांची किमान संख्या ठरलेली असते. म्हणजे ज्याला थोडे दिसते तो ज्याला काहीच दिसत नाही त्याचे डोळे होतो. सगळा कारभार घरातल्या घरात. फुटबॉलने दुसरी वाट धरली. मैदानातल्या चौघांना सारख्याच अंधारात ठेवले आणि उजेडाचा माणूस सरळ बाहेरून आणला. कोणती वाट बरी, यावर वाद होऊ शकतो. बाहेरचा माणूस आला की परावलंबन आले, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. चौघांना धावताना, वळताना, चेंडू चोरताना कोणी हात धरत नाही. गोलरक्षकाचा शब्द ऐकायचा की नाही, हेही शेवटी तेच ठरवतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांगांच्या क्रीडासहभागासाठी सरकारने काय करावे ते सांगितले आहे. आरक्षणासारखे लाभ मिळतात ते किमान ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर. डोळस गोलरक्षकाकडे तो दाखला असण्याचे कारणच नाही. उलट, तो अंधांच्या संघात खेळतो म्हणून साध्या फुटबॉलच्या दप्तरात त्याची नोंद नाही, आणि नियमाप्रमाणे ती असूनही चालत नाही. दाखला नाही आणि नोंदही नाही, असा हा खेळाडू. विशीतल्या मुलाने आठ-दहा वर्षे या चौकोनात घालवायची, तर त्याच्या घरचे त्याला काय विचारतील हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. ब्राझीलच्या गोलरक्षकाला पुढची वाट दिसत होती, कारण तिथे संघ होता, स्पर्धा होत्या, प्रशिक्षकाची जागा होती. जिथे हे नाही तिथे चांगला गोलरक्षक दोन वर्षांत नोकरीला लागून निघून जातो, आणि चार अंध मुलांना नव्या आवाजाची सवय पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ही सवय लागायला वेळ लागतो.

आमच्या भागाला खेळाडूंची वाण नाही. मोहीच्या ललिता बाबरने रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. दिव्यांगांच्या खेळातही सांगलीकडची बाजू पुढे आहे. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवले, आणि ते भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटर फेकून रौप्य घेतले. सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकले. पण हे तिघेही एकेकट्याने खेळायच्या खेळांतले. माणदेशी माणूस एकटा लढायला कचरत नाही, दुष्काळाने त्याला ते शिकवले आहे. पाच जणांचा संघ, त्यात एक डोळस आणि चार अंध, शिवाय दोन मार्गदर्शक, यासाठी एका गावात नाही तर एका शाळेत मुले एकत्र राहावी लागतात. आमच्याकडची अंध मुले मात्र लहानपणीच पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत जातात.

खर्च म्हणाल तर या खेळाला पाणी लागत नाही, हिरवळ असली तर चांगले, नसली तर सपाट आणि टणक जमीन. चाळीस मीटरच्या दोन फळ्यांच्या भिंती, गोलाच्या दोन चौकटी, वाजणारे तीन-चार चेंडू, पट्ट्या. वारा मात्र बघावा लागेल; आमच्या माळावर ज्येष्ठात जे वारे सुटते त्यात चेंडूचा आवाज उडून जातो, तेव्हा मैदान एखाद्या इमारतीच्या आडोशाला हवे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हे ९०.४ वरचे आमचे रेडिओ केंद्र सवयीने ऐकणारे लोक घरोघर आहेत, म्हणजे कान द्यायची सवय इथे नवी नाही. गोलात उभा राहायला पोरगा मिळेल. कबड्डीत ज्याचे पाय हलतात आणि ज्याला उगाच बोलायची खोड नाही, असा एखादा. त्याला पहिले सहा महिने डोळ्यांवर पट्टी बांधून बाकीच्या चौघांबरोबर खेळवावे, आणि मगच पट्टी काढून चौकटीत उभे करावे.